ऐकणारीची भूमिका

संहिता हातात आली की मी माझी वाक्यं मोजत नाही. माझं पात्र कुठे गप्प आहे ते आधी बघते. त्या गप्प असण्यात तिच्या आत काही घडतंय, की लेखक तिला तिथे उभी करून विसरलाय? चहाचा ट्रे घेऊन दारात थबकणारी वहिनी मालिकांत हवी तितकी मिळते. ती सगळं ऐकते आणि ऐकून होती तशीच राहते. अशी भूमिका मी शक्यतो घेत नाही. (घराचे हप्ते तुंबले की घेते.)

नाटकात अख्ख्या अंगानं ऐकावं लागतं. शिवाजी मंदिरच्या बाल्कनीतून माझे डोळे कुठले दिसायला? दिसते ती मान, पाठ, पदराशी थांबलेला हात. त्यात समोरच्याचं वाक्य शंभराव्या प्रयोगापर्यंत मलाही पाठ झालेलं, हेच मोठं संकट. दौऱ्यात घसा बसलेला नट एखाद्या रात्री तेच वाक्य खालच्या पट्टीत टाकतो. माझं उत्तर रोजच्याच सुरात गेलं, तर प्रेक्षक खोकायला लागतात. इतकं रोखठोक परीक्षण मी पेपरात वाचलेलं नाही.

कॅमेऱ्यापुढे वेगळीच तऱ्हा. माझ्या क्लोजअपच्या वेळी समोरचा नट बऱ्याचदा व्हॅनिटीत असतो. त्याची वाक्यं सहायक दिग्दर्शक सपाट आवाजात वाचतो आणि माझी नजर लेन्सशेजारच्या टेपच्या तुकड्यावर. नसलेल्या माणसाला ऐकायचं, वर मास्टर शॉटमध्ये कुठल्या शब्दाला कप उचलला होता तेही ध्यानात ठेवायचं. नाटकवाले याला सोपं काम म्हणतात. म्हणोत.

जब्बार पटेलांचा 'सामना' हा चित्रपट मी अजूनही ऐकण्यासाठीच बघते. डॉ. लागूंचा मास्तर गायब झालेल्या मारुती कांबळेचं नाव काढतो, आणि मी निळू फुले यांच्या हिंदुरावाकडे बघत राहते. निळूभाऊ कलापथकातून, लोकनाट्यातून आलेले. तिथे समोरच्यानं ऐनवेळी काय टाकलं हे कानावर पडलं नाही, तर उत्तर सुचणार कसं? १९७२ मध्ये त्यांनी 'सखाराम बाइंडर' रंगमंचावर उभा केला. कॅमेऱ्यापुढे गेले तेही तोच तयार कान घेऊन.

सध्या माझ्याकडे दोन संहिता आहेत. वेब सिरीजमध्ये पानोपानी संवाद आणि नाटकाच्या नाईटच्या कितीतरी पट पैसे. नाटकात दुसऱ्या अंकात सासरा बोलतच राहतो आणि मी मटार सोलत बसते. नाटकाला होकार कळवलाय. निर्मात्याला एवढंच विचारलं, मटार प्रत्येक प्रयोगाला ताजे मिळतील ना?