गडाच्या बदल्यात गाव

सुरतेजवळचं सचिन म्हटलं की डोळ्यांपुढे कापडाचे कारखाने येतात. माझा मावसभाऊ तिथे नोकरीला आहे, त्यामुळे दोन-तीनदा जाणं झालं. या गावाचं नातं मुरूडच्या जंजिऱ्याशी आहे, हे तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांनाही फारसं ठाऊक नसतं.

जंजिऱ्यावर सत्ता सिद्दींची, म्हणजे मूळच्या आफ्रिकेतल्या हबशांची. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास खाडीत भराव घालून पाहिला. किल्ला हाती आला नाही. पुढे सिद्दींच्या घरातच गादीवरून तंटा झाला. वारसदार बाळू मियाँ पेशव्यांकडे आला. १७९१ साली करार झाला: त्याने जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना द्यायचा आणि मोबदल्यात सुरतेजवळचा मुलूख घ्यायचा. तेच सचिन संस्थान. बाळू मियाँला सचिन मिळालं. पेशव्यांना जंजिरा मात्र कधीच मिळाला नाही. १९४८ साली विलीन होईपर्यंत दोन्ही संस्थानं सिद्दींचीच राहिली.

हे शिकवताना वर्गात हशा पिकतो. मला मात्र आपला सीमाभाग आठवतो. गाव कुणाचं, पाटी कोणत्या भाषेतली, हे वाद आपल्याकडे चहाबरोबर येतात. आमच्या घरात आई मराठीत विचारते, सूनबाई कन्नडमध्ये उत्तर देते आणि दोघींचं छान चालतं.

बायकोचं माहेर हल्याळचं. त्या भागातही सिद्दींच्या वस्त्या आहेत. जंजिरा पाहताना मुलीने विचारलं, "अप्पा, अज्जीच्या गावचे सिद्दी इथले राजे होते?" म्हटलं, नाही गं. त्यांचे पूर्वज बहुतेक पोर्तुगिजांच्या गोव्यातून आलेले, पुष्कळसे गुलाम म्हणून. मूळ खंड एक, नशीब वेगळं. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता, "मग किल्ला आता कुणाचा?"

आज जंजिरा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढे २०० मीटर परवानगी लागते. पण तिला हे कायद्याचं उत्तर नको होतं. मी म्हणालो, "लिहून घेतलं म्हणून पेशव्यांचा झाला नाही. आणि आपल्या कुणी बांधला नाही, म्हणून आपण जपायचा नाही असंही नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. घरी आल्यावर अज्जीला फोन लावून तिने सचिनची सगळी गोष्ट सांगितली. अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये.