खंदकाची रुंदी

लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमधून संध्याकाळचा खेळ पाहून बाहेर पडलं, की आमचा वाद सुरू व्हायचा आणि फिरून फिरून 1957 या सालापाशी यायचा. त्या एका वर्षात तीन युद्धपट आले. डेव्हिड लीनचा ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’, स्टॅनली कुब्रिकचा ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ आणि मिखाईल कलातोझोव्हचा ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’. आम्हीही तिघंच होतो. एकेकाने एकेक दिग्दर्शक पकडला आणि पुढची तीस वर्षं सोडला नाही.

मित्र सिव्हिल इंजिनिअर. तो लीनच्या बाजूचा. त्याचं पहिलं म्हणणं असं, की लीनने पूल खरोखर बांधला. सिलोनमध्ये कितुलगलाजवळ केळणी नदीवर खऱ्या लाकडाचा पूल उभा केला, त्यावरून खरी आगगाडी नेली आणि तो उडवला. पहिल्या प्रयत्नात एका कॅमेरामनकडून सुरक्षित जागी पोचल्याची खूण आली नाही, म्हणून स्फोट थांबवावा लागला. विनाचालक गाडी पूल ओलांडून पलीकडे जाऊन आदळली, ती पुन्हा रुळावर आणावी लागली. हे सांगताना मित्राचा आवाज चढायचा. पण त्याचा खरा मुद्दा यापेक्षा खोल होता आणि मी तो बरीच वर्षं नीट ऐकून घेतला नाही. कर्नल निकल्सन जपान्यांच्या कैदेत आहे. सैनिकांची शिस्त टिकावी म्हणून तो शत्रूसाठीच उत्तम पूल बांधून देतो. आणि बघणारे आपण? पूल पडायला हवा हे आपल्याला कळत असतं, तरी शेवटच्या वीस मिनिटांत आतून वाटत राहतं, की नको, राहू दे. मित्र म्हणायचा, “बघणाऱ्यालाच निकल्सन करून टाकतो तो. हे कुब्रिकला जमलंय का कधी?”

मैत्रीण कलातोझोव्हची. तिचा आक्षेप आम्हा दोघांवर सारखाच असायचा. “तुमच्या सिनेमांत घरी वाट बघणारं कोणी नाही.” तिच्या सिनेमात वेरोनिका आहे. बोरिस आघाडीवर जायला निघालाय आणि ती त्याला निरोप द्यायला धावतेय. ती बसमध्ये बसलेली असते तेव्हा कॅमेरा तिच्याजवळ असतो. ती उतरते, कॅमेराही उतरतो, गर्दीतून तिच्यामागे घुसतो आणि मग अचानक वर उचलला जातो. खाली रणगाड्यांच्या रांगेतून ती एकटी वाट काढताना दिसते. सेर्गेई उरुसेव्स्की हा त्या सिनेमाचा छायालेखक. महायुद्धात तो आघाडीवर चित्रीकरण करत होता. मैत्रीण म्हणायची, की हातातला कॅमेरा घेऊन असं पळणं स्टुडिओत शिकता येत नाही. पुढे बोरिसला दलदलीत एक गोळी लागते. कुठून आली, कोणी झाडली, काही दिसत नाही. त्याच्या डोक्यावर बर्चची झाडं गरगरत राहतात. सबंध सिनेमात शत्रूचा चेहरा नाही. 1958 मध्ये कानला या सिनेमाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पण तिला त्याचं फार अप्रूप नव्हतं. तिला शेवटचं स्टेशन महत्त्वाचं होतं. सगळ्यांची माणसं परत आलीत, वेरोनिकाचा बोरिस येणार नाही, आणि तिच्या हातातली फुलं ती अनोळखी सैनिकांना एकेक करून वाटून टाकते.

मी कुब्रिकचा. चित्रीकरणाच्या वेळी तो 28 वर्षांचा होता. गोष्ट पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच सैन्याची. एका सेनापतीला बढती हवी असते. त्यासाठी एक अशक्य टेकडी काबीज करायचा हुकूम सुटतो, हल्ला फसतो आणि आपली चूक झाकायला तीन सैनिकांवर भित्रेपणाचा आरोप ठेवून त्यांना गोळ्या घातल्या जातात. त्यातला एकजण डोकं फुटून बेशुद्ध आहे. त्याला स्ट्रेचरवर बांधून आणतात आणि गोळी झाडण्याच्या क्षणी शुद्धीत असावा म्हणून गाल चिमटून जागा करतात. चित्रीकरण म्युनिकजवळ झालं, फ्रेंच सैनिकांची कामं जर्मन पोलिसांनी केली आणि फ्रान्समध्ये 1975 पर्यंत हा सिनेमा दाखवला गेला नाही. कर्नल डॅक्सचं काम केलेल्या कर्क डग्लसने आत्मचरित्रात लिहिलंय, की कुब्रिकने मधल्या काळात पटकथेचा शेवट बदलून गोड करून टाकला होता, आणि आपण अडून बसलो म्हणून मूळचा शेवट परत आला. मित्राने हे वाचलं त्या दिवशी तो मुद्दाम घरी आला. ज्या धैर्यासाठी मी कुब्रिकला डोक्यावर घेत होतो, त्यातलं निदान थोडं नटाचं होतं. मला ते मान्य करावं लागलं. आजही मला वाटतं, थोर दिग्दर्शक म्हणून आपण जे एक नाव घेतो, त्याच्या पोटात अशी दोनतीन माणसं असतात. लीनच्या पटकथेचंच बघा. ती कार्ल फोरमन आणि मायकल विल्सन यांची. दोघंही हॉलीवूडच्या काळ्या यादीत, म्हणून ऑस्कर मिळालं मूळ कादंबरीकार प्येर बूल याला. खऱ्या लेखकांच्या नावावर ते 1984 मध्ये झालं.

आमच्या वादात एक चौथा माणूस आला तो खूप उशिरा. माझे धाकटे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. 71 च्या लढाईत ते पूर्वेकडच्या आघाडीवर होते. त्यानंतर सातारा जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी शेती. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ते पुण्याला आले आणि पट्टी निघाल्यावर आठवडाभर माझ्याकडे राहिले. पलटणीत असताना तंबूबाहेर पडदा लावून दाखवलेला चेतन आनंदचा ‘हकीकत’ त्यांना अजून आठवत होता. त्यातली लडाखची थंडी खरी होती, एवढंच ते त्याबद्दल बोलायचे. नव्या डोळ्यांनी काहीतरी बघायची त्यांना इच्छा झाली होती. मी दोन संध्याकाळी दोन डीव्हीडी लावल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी शेजारी बसून हलक्या आवाजात मराठीत सांगत गेलो.

पहिल्या संध्याकाळी ‘क्वाय’. मित्रालाही बोलावलं होतं. मामांना निकल्सन आवडला. ताठ चालतो, अधिकाऱ्यांनी अंगमेहनत करायची नाही यावर अडून बसतो, उन्हात तापलेल्या पत्र्याच्या कोठडीतून बाहेर येताना पाय लटपटतात तरी खांदे पाडत नाही. पूल तयार होत आला तेव्हा मित्राने माझ्याकडे पाहिलं. मामा पुढे सरकून बसले होते. मग त्यांनी, नजर पडद्यावरून न काढता, विचारलं, “एवढी मोठी रेल्वे. गोऱ्यांनीच बांधली व्हय रं?”

आम्हा दोघांपैकी कोणीच लगेच उत्तर दिलं नाही, कारण उत्तर दोघांनाही माहीत होतं. सयामपासून ब्रह्मदेशापर्यंतची ती रेल्वे 415 किलोमीटरची. 1942-43 मध्ये जपान्यांनी ती सुमारे 60 हजार युद्धकैद्यांकडून बांधून घेतली, त्यातले 12 हजारांवर मेले. पण त्याहून कितीतरी जास्त होते आशियाई मजूर. मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ, ब्रह्मी, जावाचे लोक. पटकीने, उपासमारीने, मारहाणीने त्यांच्यातले जे मेले त्यांची संख्या कैद्यांच्या कित्येक पट भरते. पुष्कळांची कुठे नोंदही झाली नाही. लीनच्या सिनेमात हे मजूर जवळजवळ दिसतच नाहीत.

मामांना हे मी सांगितलं. ते म्हणाले, “तरीच. आमच्या वेळी नदीपल्याड दारूगोळा तिथल्या नाववाल्यांनी नेला. शेतकऱ्यांनी बैल दिले. माणसं नसतील तर फौज जागची हलत न्हाई.” त्यात तक्रारीचा सूर नव्हता. त्यांनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला, पूल पडला तेव्हा हळहळलेही. मित्राची बाजू त्या हळहळीने सिद्ध झाली होती, आणि तरी तो निघताना गप्प होता. चपला घालताना म्हणाला, “इतकी वर्षं मी पूल बघत होतो.”

त्या रात्री मला झोप आली नाही. उरुसेव्स्कीच्या कॅमेऱ्याने शत्रूला चौकटीबाहेर ठेवलं, ते मला नेहमी उदार वाटत आलं. गोळी कोणाची हे दाखवलं नाही, म्हणून तिरस्काराला धरायला काही उरत नाही. आता लक्षात आलं, की लीननेही कोणालातरी बाहेर ठेवलंय आणि तिथे माणसंच पुसली गेलीत. दोन्हीकडे कृती एकच, वगळण्याची. मग मी कुब्रिककडे वळलो. ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ जर्मनांशी चाललेल्या लढाईवरचा सिनेमा आहे, आणि जवळजवळ शेवटपर्यंत त्यात एकही जर्मन माणूस दिसत नाही. हे कुठल्या प्रकारचं वगळणं? इतक्या वेळा पाहूनही हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी तोच लावला. मित्र आला नाही, मामा आणि मी दोघंच.

सुरुवातीला सेनापती खंदकातून फेरी मारतो. कॅमेरा त्याच्या समोर, उलटा सरकत जाणारा, दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटलेले सैनिक. तो थांबतो, ठरलेलं वाक्य बोलतो, पुढे जातो. हा चित्रपटाच्या इतिहासातला गाजलेला शॉट. मी मामांना काही सांगायच्या आत ते म्हणाले, “मोर्चा एवढा रुंद नसतो.”

ते बरोबर होतं. कॅमेऱ्याची गाडी आत चालावी म्हणून कुब्रिकने खंदक खऱ्यापेक्षा रुंद खणून घेतले होते. मी हे पुस्तकात वाचलेलं. मामांनी ते पाच सेकंदांत पाहिलं. मी विचारलं, “मामा, म्हणजे खोटं वाटलं का?” त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. “न्हाई. साहेब फिरायला आला की मोर्चा रुंदच होतो. सगळी अंग चोरून उभी राहतात न्हवं.”

या शॉटवर मी लेख वाचले होते, स्वतः एक लिहिलाही होता. खंदकाची रुंदी ही तांत्रिक तडजोड आहे असंच त्यात सगळीकडे असायचं. मोजपट्टीने खोटी असलेली ती दोन हातांची जागा मामांना ओळखीची वाटली. त्यांनी भिंतीशी अंग चोरून काढलेली कितीतरी वर्षं तिच्यात होती. थोड्या वेळाने त्याच खंदकातून कर्नल डॅक्स हल्ल्याआधी चालत जातो. तेव्हा कॅमेरा मध्येच त्याचे डोळे होऊन पुढे पाहतो आणि तोफांच्या धुरळ्यात दोन्ही बाजूंचे चेहरे आपल्याकडेच बघत असतात. तिथे मामा रुंदीबद्दल काही बोलले नाहीत. ते हाताची मूठ उघडमीट करत होते.

कोर्ट मार्शल त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. स्ट्रेचरवरच्या माणसाचा गाल चिमटला तेव्हा ते उठून पाणी प्यायला गेले आणि परत येऊन बसले.

मग शेवट. खानावळीत सैनिक दारू पितायत, आरडाओरडा चाललाय. मालक एका मुलीला ओढून पुढे आणतो. पकडलेली जर्मन पोरगी. सिनेमातला हा पहिला जर्मन चेहरा. ते काम ज्या क्रिस्टियाननं केलं, तिच्याशी कुब्रिकने पुढच्या वर्षी लग्न केलं. सैनिक शिट्ट्या मारतात. ती रडत रडत गायला लागते. आवाज ऐकूच येत नाही इतका गोंगाट. हळूहळू तो विरतो, आणि ज्यांनी शिट्ट्या मारल्या तेच चेहरे, एकामागून एक, जवळून, ती चाल गुणगुणायला लागतात. काहींचे डोळे वाहतायत.

इथवर मी सवयीने भाषांतर करत होतो. गाण्याचा अर्थ मी शोधून ठेवला होता, तो सांगायला लागलो. मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “ते नगं सांगू. त्यांस्नी तरी कुठं कळतंय?”

खरंच होतं. ते सैनिक फ्रेंच, गाणं जर्मन. पडद्यावरच्या एकालाही शब्द कळत नव्हते.

बाहेर रस्त्यावर सार्जंट डॅक्सला सांगतो, की परत आघाडीवर जायचा हुकूम आलाय. डॅक्स आतलं गाणं ऐकत उभा असतो. पोरांना अजून थोडी मिनिटं दे म्हणतो आणि निघून जातो. नामावली सुरू झाली. मी टीव्ही बंद करायला उठलो, तर मामा म्हणाले, थांब. नावं संपेपर्यंत ते बघत राहिले. एकही नाव त्यांना वाचता येणार नव्हतं.

“हा सिनेमा काढणारा लढाईत होता का रं?”

“नाही मामा. तो फोटोग्राफर होता आधी, न्यूयॉर्कला. सैन्यात कधीच नव्हता.”

मामांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, नव्या डोळ्याला लागणार नाही अशा बेताने परत चढवला.

“मग कुणीतरी सांगितलं असणार त्याला,” ते म्हणाले.