फिल्टर झाका, मगच पाणी मारा

दसऱ्याच्या आधी दोन-तीन दिवस आणि पुन्हा धनत्रयोदशीच्या तोंडावर सुरतेतल्या वॉशिंग सेंटरांपुढे रात्री उशिरापर्यंत गाड्यांची रांग लागलेली असते. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आपली मराठी वस्ती मोठी आहे. खानदेशातून आलेली बरीचशी माणसं आता घर-गाडी बाळगून आहेत आणि पूजेच्या दिवशी बॉनेटखालचं इंजिनसुद्धा चकचकीत दिसावं असा त्यांचा आग्रह असतो. त्यात गैर काही नाही. धुळीने माखलेल्या इंजिनात ऑइलची गळती दिसत नाही, चिरलेला पाइप दिसत नाही. स्वच्छ इंजिन मेकॅनिकलाही आवडतं.

अडचण आहे ती मागाहून बसवलेल्या फिल्टरची. गेल्या काही वर्षांत तरुणांच्या गाड्यांतून कंपनीचा काळा प्लास्टिकचा डबा निघतो आणि त्या जागी चमकत्या पाइपच्या टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसतो. कुणाला त्याचा आवाज आवडतो, कुणाला ताकद वाढल्यासारखी वाटते. गॅरेजात मी असे फिल्टर स्वतः बसवून देतो, त्यामुळे त्यांच्याशी माझं वैर नाही. पण डबा काढताना आपण गाडीतून नेमकं काय काढून टाकतो, हे बसवून घेणाऱ्याला कुणी सांगत नाही.

इंजिन पेट्रोलपेक्षा हवा कितीतरी जास्त खातं. 1 किलो पेट्रोल नीट जळायला 14.7 किलो हवा लागते. म्हणजे 1 लिटर पेट्रोलमागे साधारण 9 हजार लिटर हवा. ही सगळी हवा एका नळीच्या तोंडातून आत ओढली जाते. तेव्हा त्या तोंडाशी जे असेल ते आत जाणार, धूळ असो, कापडाचा तंतू असो की पाणी.

कंपनीचा डबा अभ्यास करावा असा बनवलेला असतो. हवा घेणारं तोंड बहुतेक गाड्यांत बॉनेटच्या पुढच्या पट्टीजवळ, शक्य तितकं उंच ठेवलेलं असतं. तिथून नळी खाली वळते, मग डब्यात शिरते. डब्यात हवेचा वेग मंदावतो, त्यामुळे हवेबरोबर आलेले थेंब तळाला पडतात आणि तळाशी असलेल्या बारीक भोकातून बाहेर जातात. फिल्टरचा कागद या सगळ्याच्या वर असतो. म्हणजे पाऊस, पुढच्या ट्रकने उडवलेलं पाणी, वॉशिंगचा फवारा या सगळ्यांचा विचार त्या साध्या दिसणाऱ्या डब्यात आधीच झालेला असतो. तो काढला की पाणी अडवायचं काम गाडीच्या मालकावर येतं. माझं सारं म्हणणं या एका वाक्यात आहे.

पाणी आत गेलं तर काय होतं? हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. ज्या 1248 सीसीच्या डिझेल इंजिनावर स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा अशा कितीतरी गाड्या चालल्या, ते घ्या. एका सिलिंडरची जागा 312 सीसी. पिस्टन वर आल्यावर त्यातली हवा साधारण 17 पट दाबली जाते, म्हणजे वर उरते ती जागा जेमतेम 20 मिलिलिटर. चार चमचे. तेवढ्याहून जास्त पाणी त्या सिलिंडरमध्ये असेल तर वर येणारा पिस्टन थांबतो. पण बाकीचे सिलिंडर आणि फिरतं फ्लायव्हील थांबायला तयार नसतात. मग सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. 1200 सीसीच्या पेट्रोल गाडीत ही उरलेली जागा 30 मिलिलिटरच्या आसपास असते, म्हणून पेट्रोलला थोडी जास्त माफी मिळते, एवढंच.

वाकलेला रॉड पाहिला नसेल त्याला वाटतं की तो हुकासारखा वाकडा होत असेल. बहुतेक वेळा तसं नसतं. हेड उघडून चारही पिस्टन एकेक करून वर आणले की तीन एका पातळीत येतात आणि एक अगदी किंचित खाली राहतो. नखाने चाचपलं तरी कळतं. बोअरच्या वरच्या काठाशी काजळीचा जो काळा पट्टा असतो, तो त्या एकाच सिलिंडरमध्ये रुंद दिसतो, कारण पिस्टन पूर्वीइतका वर पोचतच नाही. अशी गाडी काही दिवस चालतेही. आवाज करते, थरथरते, ताकद कमी पडते. मग कधीतरी रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो.

आता धुण्यापुरतं बोलायचं तर घाबरवण्याचा माझा हेतू नाही. बंद इंजिनवर, लांबून, हलका फवारा मारला आणि चार थेंब कापसाच्या फिल्टरवर पडले तर इंजिन मरत नाही. तेल लावलेला कापूस थोडं पाणी अंगावरून घालवूनही देतो. बिघडतं ते दोन प्रकारांत. एक, काही ठिकाणी इंजिन चालू ठेवूनच बॉनेटखाली प्रेशर मारतात. म्हणे पाणी लवकर वाळतं. उघड्या फिल्टरच्या गाडीत हा शुद्ध अविचार आहे, कारण इंजिन त्या क्षणी हवा ओढतच असतं आणि गनचा झोत कापसाच्या घड्यांतून आरपार जातो. दुसरा प्रकार जास्त फसवा. इंजिन बंद असतं, फिल्टर चिंब भिजतो, पाणी झिरपून पाइपच्या खालच्या कोपरात साठतं. आयडलला गाडी बरी चालते. मालक खुशीत रस्त्यावर येतो, ॲक्सिलरेटर दाबतो, आणि हवेचा वेग वाढताच साठलेलं पाणी एका घोटात आत जातं.

टर्बोच्या डिझेल गाडीत तर पाणी इंटरकूलरच्या तळाशी जाऊन बसतं. तिथे ते दिवसेंदिवस राहू शकतं. गावात हळू चालवताना काही होत नाही. हायवेला लागून गाडी पळवली की मग त्रास. लोक म्हणतात, धुऊन तर आठ दिवस झाले! म्हणून पाण्यात भिजलेल्या टर्बो गाडीचे इंटरकूलरचे पाइप सोडून पाहिल्याशिवाय तिला मी बरी म्हणत नाही.

रॉड वाकण्यापर्यंत गोष्ट गेली नाही तरी एअर मास सेन्सर असतोच. त्यात तापलेली नाजूक पट्टी असते आणि तिच्यावरून जाणाऱ्या हवेने ती किती गार होते यावरून हवा मोजली जाते. थेंब पडला की मोजणी बिघडते, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. सीएनजीच्या गाड्या आमच्याकडे खूप. त्यांत प्लगच्या कॉइलजवळ ओल राहिली की ते सर्वांत आधी जाणवतं, कारण सीएनजीला ठिणगी जोरकस लागते.

मग धुवायचं कसं? इंजिन हात ठेवता येईल इतकं गार होऊ द्या. फिल्टर झाकायला मी साड्यांच्या पॅकिंगची जाड पारदर्शक पिशवी वापरतो. रिंग रोडच्या कापड बाजारामुळे सुरतेत ती घरोघर सापडते. पिशवी फिल्टरवरून ओढून थेट पाइपपर्यंत आणायची आणि क्लॅम्पच्या मागे सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली कडी चढवायची. साधा रबरबँड पाण्याच्या झोताने सरकतो, ट्यूब सरकत नाही. पिशवीचं बंद टोक वर, तोंड खालच्या बाजूला असलं तर उत्तम. त्याहून चांगलं म्हणजे फिल्टर काढूनच घ्यायचा आणि पाइपच्या तोंडावर बाहेरून पिशवी बांधायची. बाहेरून, हा शब्द महत्त्वाचा. पाइपात चिंधी कोंबायची नाही. कोंबलेली चिंधी विसरली जाते आणि सेल्फ मारताच ओढली जाते. पिशवीही विसरता येऊ नये म्हणून एक लाल पट्टी स्टिअरिंगला बांधून ठेवा. ती सोडल्याशिवाय चावी फिरवायची नाही.

सेन्सर, फ्यूजबॉक्स, अल्टरनेटर, गॅस किटचा ईसीयू यांवरही प्लास्टिक टाका. प्रेशर गन बॉनेटखाली आणूच नका. डिग्रीझर फवारा, ब्रशने घासा, ओल्या फडक्याने पुसून घ्या, लागलंच तर नळाचं मंद पाणी वापरा. वेळ जास्त लागतो हे खरं. सणाच्या गर्दीत धुणाऱ्या पोराला तो वेळ परवडत नाही हेही खरं. म्हणून इंजिनपुरतं काम घरीच करावं, असं माझं मत झालं आहे. झाल्यावर बॉनेट उघडं ठेवून वाळू द्या, आणि सेल्फ मारण्याआधी क्लॅम्प सैल करून पाइपच्या कोपरात बोट फिरवा. बोट कोरडं आलं तर चावी लावा.

फिल्टर धुवायचाही एक रिवाज आहे. सुरतेत तो इतर गावांपेक्षा लवकर धुवावा लागतो. यंत्रमागांच्या भागात गाडी उभी राहते तिच्या फिल्टरवर मळकट, मऊ थर बसतो. जवळून पाहिलं तर ती धूळ नसते, सिंथेटिक धाग्याचे बारीक तंतू एकमेकांत अडकून त्याची गादी झालेली असते. कंपनीच्या डब्यात हा थर हळू चढतो, उघड्या फिल्टरवर पटकन. तो मऊ ब्रशने आधी कोरडाच काढावा. मग फिल्टरचं क्लीनर लावून आतून बाहेर, मंद पाण्याने धुवावं; बाहेरून पाणी मारलं तर मळ कापसात आणखी रुततो. कॉम्प्रेसरची हवा मारू नये, कापसाच्या विणीत भोकं पडतात. सावलीत पूर्ण वाळल्यावर तेल लावावं, तेही बेताने. जास्त झालेलं तेल हवेबरोबर जाऊन त्याच एअर मास सेन्सरच्या पट्टीवर बसतं.

उघडे फिल्टर दोन जागी बसतात. एक इंजिनजवळ, उंचावर. तिथे पाण्याचा धोका कमी, पण तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि गरम हवा विरळ असल्याने ताकद वाढण्याऐवजी कमी होते. दुसरा लांब पाइपने खाली नेऊन, बंपरच्या मागे किंवा चाकाच्या आतल्या पत्र्याआड. तिथे हवा गार मिळते हे कबूल. पण तो रस्त्यापासून जेमतेम वीतभर-हातभर उंचीवर असतो. सुरतेच्या रोजच्या गाडीत हा दुसरा प्रकार मी बसवत नाही. गिऱ्हाईक नाराज होऊन दुसरीकडे गेलं तरी चालेल.

त्याचं कारण इथलं पाणी. मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम पावून तापी आपल्या खानदेशातून, हतनूर धरणातून, प्रकाशावरून इथे येते. तिच्यावर सुरतेच्या वर उकाई धरण आहे, 1972 सालचं. मुंबईकरांना जसा 26 जुलै 2005, तसा आम्हाला 2006 चा ऑगस्ट. उकाईतून 9 लाख क्युसेकच्या वर पाणी सोडावं लागलं आणि 7 ऑगस्टपासून शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. अडाजण, रांदेर भागांत तळमजले बुडाले. पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेल्या गाड्यांना लोक पहिली गोष्ट कोणती करत होते, तर सेल्फ मारून बघत होते. जी इंजिनं नुसती धुऊन, ऑइल बदलून वाचली असती, ती त्या एका सेल्फने गेली.

तापीचा तेवढा पूर रोज येत नाही, पण खाडीचा येतो. शहरातून वाहणाऱ्या मीठी खाडीसारख्या ओढ्यांना आम्ही खाडी म्हणतो. जुलै 2024 मध्ये आणि पुन्हा जून 2025 मध्ये जोराच्या पावसाने त्या फुगल्या. लिंबायत, परवत पाटियाकडे रस्त्यांवर पाणी उभं राहिलं. थार 650 मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते असं कंपनी सांगते. साध्या हॅचबॅकला त्याच्या निम्म्याचाही भरवसा नाही. आणि बंपरमागे फिल्टर लावलेल्या गाडीला गुडघाभर पाणी म्हणजे थेट घोटच.

पाणी गेल्याची शंका आली तर सेल्फ मारू नका, ढकलून चालू करू नका. बॅटरीची तार सोडा, गाडी टो करून आणा. पेट्रोलमध्ये प्लग, डिझेलमध्ये ग्लोप्लग किंवा इंजेक्टर काढून क्रँकची पुली पान्याने हाताने फिरवली की पाणी वरच्या भोकांतून उडून बाहेर पडतं. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर ते बदलायचं, एकदा नव्हे, दोनदा. विम्याचं म्हणाल तर साध्या सर्वंकष पॉलिसीत अशा प्रकारे गेलेलं इंजिन सहसा धरलं जात नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. त्यातही पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायचा प्रयत्न झाला असेल तर दावा अडतो. फिल्टर बदललेला असेल तर विमा कंपनीला आधीच लेखी कळवा.

शेवटची विनंती. नवा फिल्टर बसवताना निघालेला कंपनीचा डबा गॅरेजात सोडून येऊ नका, भंगारातही घालू नका. झाकणाच्या क्लिपा, पुढची नळी, डब्याखालचे रबर, सगळं एका पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो परत बसवा आणि दिवाळीनंतर हवं तर काढा. या अदलाबदलीला एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर आणि साधारण अर्धा तास लागतो.