'उत्तरेचा नरक' हे नाव कुठून आले?

'प्रो सायकलिंग मॅनेजर' या संगणकीय खेळात मी पॅरिस-रूबे या एकदिवसीय शर्यतीसाठी संघ उतरवतो. दगडी रस्त्याचा पट्टा आला की पडद्यावर सायकलपटूंची शक्ती झरझर ओसरते. या शर्यतीला 'उत्तरेचा नरक' म्हणतात ते या दगडांमुळेच, असे खेळताना सहज वाटते. नाव मात्र १९१९ सालचे आहे.

१८९६ मध्ये सुरू झालेली ही शर्यत पहिल्या महायुद्धात चार वर्षे बंद होती. युद्धानंतर मार्गाची पाहणी करणाऱ्यांना उत्तर फ्रान्समध्ये तोफगोळ्यांचे खड्डे, उद्ध्वस्त गावे आणि झाडांचे जळके बुंधे दिसले. नरक तो होता. त्याच मार्गाने त्या वर्षी आंरी पेलिसिए जिंकला.

खेळातील आकडे दमछाक दाखवतात. त्या भूमीने काय सोसले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सांगायला हवे.