वजन कोणत्या चाकावर

वळण घेताना गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते. ते एकूण किती सरकेल, हे गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांतले अंतर आणि वळणातला वेग यांवर ठरते. स्प्रिंग कडक केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. सस्पेन्शन ठरवते ते वेगळेच: या वजनातला मोठा वाटा पुढच्या चाकाने पेलायचा की मागच्या, आणि तो चाकावर हळूहळू यायचा की एकदम आदळायचा. रोजच्या वापरातल्या गाडीचे हँडलिंग सुधारणे म्हणजे ही वाटणी सुधारणे.

टायरची पकड वजनाबरोबर वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. वजन दुप्पट झाले तरी पकड दुपटीला पोहोचत नाही. म्हणून ज्या ॲक्सलवर डाव्या-उजव्या चाकांच्या वजनात तफावत जास्त, तिची पकड आधी संपते. स्विफ्ट किंवा पोलोसारख्या हॅचबॅकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांना मिळणारी ताकद सगळे पुढेच असते. त्यामुळे वेग जास्त झाला की स्टिअरिंग वळवूनही नाक वळणाच्या बाहेर जाते. याला अंडरस्टिअर म्हणतात. कंपन्या तो मुद्दाम ठेवतात, कारण घाबरलेला चालक ॲक्सिलरेटर सोडतो आणि तेवढ्याने गाडी पुन्हा ओळीत येते. हे संरक्षण किती कमी करायचे, याचा विचार सामान विकत घेण्याआधी व्हायला हवा.

सुरुवात जुन्या भागांच्या तपासणीने करावी. गाडी जॅकवर घेऊन लोअर आर्मच्या बुशपाशी टॉमी घालून रेटली की चिरलेले रबर उघडे पडते. असा बुश असला तर ब्रेक दाबताच आर्म मागे सरकतो आणि चाकाची दिशा बदलते. अलाइनमेंट मशीनवर उभ्या गाडीचे आकडे मात्र अगदी बरोबर येतात, आणि मालक मशीनला दोष देत राहतो. खड्डे आणि स्पीडब्रेकर रोजचेच असल्याने लिंक रॉड, बॉल जॉइंट, स्ट्रट माउंटिंग आणि तेल ओघळलेले शॉक ॲब्सॉर्बर हेही याच वेळी पाहून घ्यावेत. हे भाग बदलून चांगले टायर घातले आणि हवा थंड टायरमध्ये मोजून भरली, तर पुष्कळ गाड्यांना पुढचे काही करावेच लागत नाही.

त्यानंतर अलाइनमेंट. पुढच्या स्ट्रटला साधारण एक अंश निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला, दिला तर वळणात बाहेरचा टायर रस्त्यावर सपाट बसतो. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी कॅम्बर बोल्ट लागतो. टो, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे, शून्याच्या आसपास ठेवावा. तो चुकला तर टायरच्या खाचांवर हात फिरवताना एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला धारदार लागते.

सर्वांत जास्त परिणाम करणारा आणि सर्वांत जास्त वेळा चुकीच्या जागी बसवला जाणारा भाग म्हणजे अँटी-रोल बार, म्हणजेच डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचे कलणे रोखणारा दांडा. त्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: 20 मिलिमीटरच्या जागी 22 मिलिमीटरचा भरीव बार बसवला, तर तो सुमारे 46 टक्के कडक होतो. पुढे जाड बार बसवला की गाडी कमी कलते आणि चालकाला बरे वाटते. पण पुढच्या बाहेरच्या टायरवरचा भार आणखी वाढून अंडरस्टिअर बहुधा बळावतो. तसाच बार मागच्या टॉर्शन बीमला जोडला तर नाक वळू लागते. मात्र अति कडक केला की पावसाळ्यात घाटाच्या उतारावर, ऐन वळणात ॲक्सिलरेटर सोडताच, मागचा भाग निसटतो. थोडा अंडरस्टिअर शिल्लक राहील, तिथेच थांबावे.

स्प्रिंगच्या बाबतीत मोह फार. गाडी खाली बसवली की दिसते छान. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये मात्र लोअर आर्मचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा वर गेले की रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जाते. दोन्हींतले अंतर वाढते, आणि गाडी उंची कमी करूनही अधिक कलू शकते. शिवाय बंप स्टॉप, म्हणजे सस्पेन्शनची हालचाल शेवटी अडवणारे रबर, लवकर टेकतो. वळणाच्या मधोमध तो टेकला की त्या चाकाचा कडकपणा एकाएकी वाढतो आणि पकड तुटते. कॉइल कापून गाडी खाली घेण्याची पद्धत तर सरळ धोकादायक आहे: चाक लोंबकळले की सैल झालेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून सरकू शकते.

लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांच्या 1962 च्या लोटस इलान या स्पोर्ट्स कारमध्ये स्प्रिंग मऊ होत्या. चाकांची हालचाल आवरण्याचे काम डॅम्परकडे (शॉक ॲब्सॉर्बरकडे) होते. खडबडीत रस्त्यांसाठी आजही तीच दिशा योग्य आहे. मूळ उंची ठेवावी, स्प्रिंग फार तर थोडी कडक घ्यावी आणि पैसे चांगल्या डॅम्परवर खर्चावेत. डॅम्परचा रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग पसरताना होणारा अवरोध, कमी पडला तर गाडी उसळून पुन्हा डोलते. जास्त झाला तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक पूर्ण खाली येण्याआधीच पुढचा धक्का बसतो आणि गाडी हळूहळू खाली दबत जाते.

जोडणीत एक काम हमखास घाईत उरकले जाते. रबरी बुशचे बोल्ट चाके लोंबकळत असताना पूर्ण आवळू नयेत. तसे केल्यास गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. गाडीचे वजन चाकांवर असताना बोल्ट आवळावेत, मग अलाइनमेंट पुन्हा करावी. एका वेळी एकच बदल करून, टायरची हवा तेवढीच ठेवून, गाडी त्याच ओळखीच्या रस्त्यावर आधी कोरड्यात आणि नंतर ओल्यात चालवून पाहावी.