घड्याळ टेबलावर

बैठक सुरू होण्याआधी काकांनी मनगटावरचं एचएमटी घड्याळ सोडून टेबलाच्या कडेला ठेवलं आणि खिशातली छोटी वही उघडली. हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या आमच्या मशीनशॉपमधली ती सोमवारची उत्पादन-बैठक. ४० मिनिटं ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते, एक अक्षर बोलले नाहीत. सगळे उठून गेल्यावर वही माझ्यापुढे सरकवली. वर आकडा होता ३१, आणि खाली १४ रेघा.

"४० मिनिटांपैकी ३१ तू बोललास. रेघा म्हणजे दुसऱ्याचं बोलणं तू मधेच तोडलंस ते."

आता उपदेश येणार, म्हणून मी मान खाली घातली. उपदेश आला नाही. काकांनी घड्याळ बांधलं आणि चहा मागितला.

२०१६ ची गोष्ट. बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि शॉपची किल्ली माझ्या हातात पडली. हुबळीत व्हॉल्व्हचे कारखाने पुष्कळ. त्यांच्यासाठी बॉडी मशीनिंग करून देणं हा आमचा धंदा. फोरमन बाबांच्या वेळचा. मी काहीही सांगितलं की त्याचं एकच उत्तर : "नीव हेळिदंग री." तुम्ही म्हणाल तसं. मला ती निष्ठा वाटायची.

मग एका ड्रॉइंगवर बोअरचं माप मी पेनानं दुरुस्त केलं आणि चुकीचं केलं. ६० बॉडी भंगारात गेल्या; मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. फोरमनला चूक आधीच दिसली होती, हे नंतर कळलं. मी त्याला सगळ्यांसमोर झाडलं. दोन दिवस तो कामावर आला नाही.

काका बाबांचे जुने स्नेही. पुण्याकडे कारखान्यात उमेदवारीपासून वर चढत मॅनेजर झालेले, निवृत्तीनंतर धारवाडला मालमड्डीत राहणारे. त्यांनी फोरमनची कानउघाडणी करावी, या आशेनं मी गेलो. बीआरटीएससाठी खणून ठेवलेल्या रस्त्यावरची धूळ खात पोचलो आणि तक्रार मांडली.

"त्याला चूक दिसली होती?"

"हो."

"मग बोलला का नाही?"

"ते त्यालाच माहीत."

"तू विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. त्या दिवसाचं बोलणं तिथंच संपलं.

पुढं वर्षभर एक शनिवार सोडून एक मी मालमड्डीला जात राहिलो. काकांची रीत ठरलेली. एका भेटीत एकच गोष्ट हाती घ्यायची. निघताना मी काय करणार ते मीच सांगायचं, आणि पुढच्या वेळी पहिला प्रश्न त्याचाच. मला विचारून त्यांनी शॉपमधल्या सहा जणांशी एकेकट्यानं बोलणं केलं. मालकानं काय चालू ठेवावं, काय सोडावं, एवढंच विचारलं. नावं गाळून उत्तरं मला वाचून दाखवली. त्यातलं एक आजही टोचतं : "मालक विचारतात, पण उत्तराला थांबत नाहीत." पैशाच्या प्रश्नाला मात्र ते हात लावत नसत. "त्याला तुझा सीए आहे," म्हणत.

याला एक्झिक्युटिव्ह कोचिंग म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. टेनिसचा प्रशिक्षक टिमथी गॅल्वे यानं १९७४ साली पुस्तक लिहून सांगितलं की, खेळाडूचा खरा सामना स्वतःच्या मनाशी असतो. जॉन व्हिटमोर यांनी १९९२ च्या पुस्तकात तोच विचार कंपन्यांच्या कामाला लावला : ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय, निर्धार, या क्रमानं प्रश्न विचारत जायचं. आपल्याकडे १९७५ च्या सुमारास उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची घडी बसवली. वरिष्ठानं हाताखालच्याशी बसून मोकळेपणी बोलणं, हे तिचं एक अंग होतं. काकांच्या तोंडून यातलं एकही नाव मी ऐकलं नाही.

देशपांडे फाउंडेशनमुळे आता हुबळीत नव्या उद्योजकांना मार्गदर्शक मिळतात, आणि ते हवेतच. पण मार्गदर्शक स्वतःचा अनुभव देतो. कोच तुमचा अनुभव तुमच्याकडूनच वदवून घेतो. ३० वर्षं कारखाना चालवलेल्या माणसानं उत्तर ठाऊक असताना गप्प बसायचं, याला केवढा संयम लागत असेल, ते आता मालक म्हणून रोज कळतं.

पुढच्या पावसाळ्यात घाईची ऑर्डर आली. काम नव्या मशीनवर घ्या, मी म्हणालो. फोरमननं ड्रॉइंग उचललं, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हंगल्ल री." तसं नाही.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी टेबलावर काढून ठेवलेल्या माझ्या घड्याळाकडे पाहिलं. तो चार मिनिटं बोलला. फ्लँज पातळ आहे, त्या मशीनच्या क्लॅम्पचा दाब पडला की वाकडा होईल, हे त्याचं म्हणणं. बरोबर होतं. काम जुन्याच मशीनवर झालं, एकही पीस परत आला नाही.

त्या शनिवारी मी हे काकांना मोठ्या कौतुकानं सांगितलं. "छान," एवढंही ते म्हणाले नाहीत. "त्या ६० बॉडींच्या वेळी तो का बोलला नाही, हे आता तरी विचारलंस का?" सोमवारी विचारलं. फोरमन हसून म्हणाला, "तुम्ही कुठं थांबलात?"

काकांनी माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. आपलं नाव कुठं सांगायचं नाही, ही त्यांची अट. ते गेल्यावरही मी ती पाळतो आहे. त्यांचं घड्याळ त्यांच्या मुलाकडे आहे. मी माझं वापरतो.

तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, तर पुढच्या बैठकीत घड्याळ काढून टेबलावर ठेवा आणि आपण किती बोललो, तेवढंच मोजा.