जीटीचं अ‍ॅव्हरेज

चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी. दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरांचा डीएसजी. २०२२ मध्ये बाजारात आली तेव्हा तिचा एआरएआयचा आकडा होता लिटरला १८.६७ किलोमीटर. हेच इंजिन, हाच गिअरबॉक्स असलेल्या स्कोडा स्लाव्हियाचा १८.४१. आता मालकांना विचारा. पुण्यातल्या पुण्यात ऑफिसला जाणारा नऊ-दहा सांगेल, दर शनिवारी साताऱ्याला जाणारा सोळा-सतरा, आणि एखादा महाभाग मोबाइलवर डॅशबोर्डचा फोटो दाखवेल, त्यात एकवीस. तिघंही खरं बोलतात. विनाटर्बो साध्या गाडीत हे अंतर एवढं ताणलं जात नाही.

*

एआरएआय, म्हणजे हे आकडे देणारी चाचणी संस्था, पुण्यातच, वेताळ टेकडीवर. चाचणी मात्र रस्त्यावर नाही, रोलरवर. जुन्या युरोपीय चाचणीवर बेतलेला ठरावीक क्रम: वीसेक मिनिटं, दहा-अकरा किलोमीटर, सरासरी वेग ताशी बत्तीसच्या आसपास, कमाल ९०. एसी बंद. शहरी भागात शून्यावरून ५० गाठायला २६ सेकंद. लोक ही गाडी घेतात ती शून्य ते शंभर नऊ सेकंदांच्या आसपास मारते म्हणून. नळ स्टॉपच्या सिग्नलवरून २६ सेकंदांत पन्नास गाठून दाखवा. मागचे रिक्षावाले काय म्हणतात ते ऐकायला मी कडेला उभा राहीन.

आकडा खोटा नाही. दोन गाड्यांची तुलना करायला उत्तम. खिशाचा हिशेब करायला निरुपयोगी.

*

छोटं इंजिन आणि टर्बो हे गणित मुळात पेट्रोल वाचवायला मांडलेलं. मोठं इंजिन निवांत चालताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो आणि हवा आत ओढण्यातच त्याची ताकद वाया जाते. छोट्याचं हे नुकसान कमी. जोर हवा असेल तेव्हा टर्बो हवा कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोलही जास्त. त्यात सवलत नाही. शिवाय दणकून दाबलं की टर्बाइनशी पोचणारा धूर ९०० अंशांच्या पलीकडे जाऊ शकतो, आणि तिथलं तापमान आवरायला इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडू शकतं. ते पेट्रोल गाडी ओढत नाही, नुसतं गारवा देतं. पाय हलका असेल तोवर ही दीड लिटरची गाडी. दाबलात की भूक अडीच लिटरची.

*

सपाट रस्ता, ताशी ऐंशी, पाय जेमतेम टेकलेला. अशा वेळी हे इंजिन मधले दोन सिलिंडर बंद ठेवतं आणि डॅशबोर्डवर तशी सूचना येते. धक्का नाही, आवाजात जेमतेम फरक. ती सूचना टिकवून ठेवायचा खेळ सुरू झाला की बायको विचारते, मागचा टेम्पो ओव्हरटेक करून गेला तरी चालेल का? चालेल.

*

मुंबई-पुणे वाटेवरच्या घाटाचा हिशेब. खोपोली समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटर, लोणावळा सहाशेच्या वर. माणसं-सामान धरून दीड टनाची गाडी साडेपाचशे मीटर वर न्यायची म्हणजे साधारण आठ मेगाजूल काम. लिटरभर पेट्रोलमध्ये ऊर्जा बत्तीस मेगाजूल, पण चाकांपर्यंत पोचते त्यातली तीसेक टक्के. म्हणजे नुसतं वर चढायला पाऊण लिटरहून थोडं जास्त. अंतर कापायचं पेट्रोल वेगळं. कंटेनरच्या मागे अडकून, संधी मिळताच दाबून पुढे, पुन्हा ब्रेक, असं चढलात तर आणखी वेगळं.

उतरताना उलट. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडणंच थांबवतात, आणि स्क्रीनवरचं त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज आकाशाला भिडतं. पॅडलने गिअर खाली घेतला तर ब्रेकलाही आराम. पण ब्रेक दाबून उतरलात तर चढताना घातलेली ऊर्जा पॅडच्या उष्णतेत गेली. हायब्रीड नसल्याने ती परत मिळत नाही.

पुणं साडेपाचशे मीटर उंचावर, मुंबई समुद्राकाठी. त्या एकवीसच्या फोटोतला प्रवास कुठल्या दिशेचा होता ते विचारा. मुंबईहून येतानाचा फोटो कुणी काढत नाही.

*

एक्स्प्रेस वेवर कारला सपाटीला शंभरची मर्यादा, घाटात साठची. कॅमेरे लागल्यापासून लोक कुरकुरतात. पण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ऐंशीच्या तुलनेत शंभरला दीडपटीहून जास्त, एकशेवीसला सव्वादोनपट. चलनाच्या भीतीने कित्येकांचं अ‍ॅव्हरेज सुधारलं असणार. श्रेय मात्र ते गाडीला देतात.

*

हिंजवडीची संध्याकाळ. तासाला बारा किलोमीटर सरकायचं, एसी चालू. नुसतं उभं राहून चालणारं इंजिन एसीसकट तासाला लिटरभराच्या आसपास पितं. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय आहे, पण मे महिन्यात कॉम्प्रेसर थांबला की पहिलं बोट तिच्या बटणावर जातं. इथे टर्बोला दोष देण्यात अर्थ नाही.

*

मोजायची रीत एकच. नोझल आपोआप कट होईपर्यंत टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा कट होईपर्यंत, आणि भागाकार. यातला खरा शत्रू म्हणजे पंपावरच्या पोराचा प्रश्न: "दादा, राउंड फिगर करू का?" कटनंतर तो ठिबकत ठिबकत शंभराचा आकडा गाठणार आणि तुमच्या हिशेबाचा बोऱ्या. नाही म्हणायचं. पुन्हा विचारेल, पुन्हा नाही म्हणायचं.

*

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्के घट. इंजिन त्यासाठी बनवलेलं आणि जुळवलेलं असेल तर प्रत्यक्षातली घट कमी राहते, कारण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त. तरीही जुन्या वहीतले आकडे आजच्याशी ताडून पाहताना हे लक्षात घ्यावं.

*

इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून रिमॅप करणारे सांगतात, पॉवर वाढेल आणि अ‍ॅव्हरेजही. वॉरंटीवर पाणी सोडून, वर पैसे मोजून, हलक्या पायाने चालवणारा गिऱ्हाईक मला अजून भेटायचा आहे.

*

सेकंडहँड घेताना स्क्रीनवरचं लांब पल्ल्याचं अ‍ॅव्हरेज एकटं बघू नका, शेजारी सरासरी वेगही बघा. वेग अठरा आणि अ‍ॅव्हरेज साडेनऊ असेल तर गाडी शहरात रुळलेली, बिनधास्त बोलणी सुरू करा. वेग पंचावन्न आणि अ‍ॅव्हरेज अकरा असेल तर आधी टायर आणि ब्रेक पॅड तपासा, मग किंमत पाडा.